उपऱ्याचा तंबू



आपल्या मंडळ्यांतील कितीतरी घरांतली मुले-मुली आज परदेशात आहेत. कोणी शिक्षणासाठी गेले, कोणी रुग्णालयात परिचारिका म्हणून, कोणी तेलाच्या किंवा संगणकाच्या उद्योगात. त्यांचे पहिले वर्ष नोकरी, घरभाडे, थंडी आणि परकी भाषा यांच्याशी झुंजण्यातच सरते. मग एखाद्या उन्हाळ्यात कामावरचे सोबती त्यांना म्हणतात, डोंगरावर चला, तंबू ठोकून दोन रात्री राहू. या साध्या निमंत्रणातून एक प्रश्न निघतो आणि तो दिसतो तितका साधा नाही. जी भूमी माझी नाही, जिच्यासाठी माझ्या वाडवडिलांनी घाम गाळला नाही, तिच्यावर चालण्याचा आणि पाठ टेकण्याचा अधिकार मला कोणी दिला? आणि तो दिला असेल, तर त्याचे ऋण मी कोणाला व कसे फेडावे?

हा प्रश्न माझ्यापुढे नॉर्वेतून आला. माझ्या परिचयाचे एक तरुण मराठी दांपत्य तेथे राहते. आपल्या पहिल्या पदभ्रमणाविषयी त्यांनी मला लिहिले, तेव्हा त्यात निसर्गाच्या वर्णनापेक्षा एका अडचणीचेच वर्णन अधिक होते. तंबू, शिधा, पांघरुणे सर्व जवळ होते. संध्याकाळी सरोवराकाठी जागाही चांगली मिळाली. परंतु परवानगी कोणाकडे मागावी हे त्यांना समजेना. आजूबाजूला पाटी नव्हती, राखणदार नव्हता, पावती फाडणारा कोणी नव्हता. येथे कोणाला विचारावे लागत नाही, असे सोबत्यांनी सांगितले आणि ते निवांत झोपी गेले. या तरुणाला मात्र पहाटेपर्यंत झोप आली नाही. कोणीतरी येऊन आपल्याला दरडावील आणि येथून उठवील, असे त्याला वाटत राहिले.

वाचकहो, ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावरून हुसकावले गेले, ज्यांच्या आजीला दुसऱ्याच्या बांधावरून गवताचा भारा आणताना शिव्या ऐकाव्या लागल्या, त्यांच्या नातवंडांच्या अंगात ही भीती मुरलेली असते. कायद्याचे पुस्तक वाचून ती जात नाही. म्हणून या प्रश्नाचा विचार आपण जरा सावकाश करू.

'कोणीही' या शब्दाची व्याप्ती

नॉर्वेत एक फार जुनी रूढी आहे. तेथील भाषेत तिला 'आलेमान्सरेत्तेन' म्हणतात. मराठीत शब्दशः सांगायचे तर 'सर्व माणसांचा हक्क'. १९५७ साली या रूढीला कायद्याचे रूप देण्यात आले. हा कायदा भूमीचे दोन भाग करतो. शेते, कुरणे, घराचे अंगण आणि परसू ही 'इनमार्क', म्हणजे आतली भूमी. आणि रान, माळ, डोंगर, दलदल ही 'उटमार्क', म्हणजे बाहेरची भूमी. बाहेरच्या भूमीवर, तिचा मालक कोणीही असो, बाराही महिने पायी चालण्याची मुभा आहे. आतल्या भूमीपैकी शेतांवर व कुरणांवर ती फक्त जमीन गोठलेली किंवा बर्फाने झाकलेली असताना आहे, आणि ३० एप्रिल ते १४ ऑक्टोबर या काळात तीही नाही. त्या देशात जेमतेम तीन टक्के जमीन लागवडीखाली असल्यामुळे बाहेरच्या भूमीचा विस्तार किती मोठा आहे, याची कल्पना वाचकांना येईल.

तंबूविषयीचे नियमही स्पष्ट आहेत. राहत्या घरापासून किंवा विश्रामकुटीपासून तो किमान १५० मीटर दूर असावा. एकाच जागी दोन दिवसांपेक्षा अधिक मुक्काम करायचा तर मालकाची संमती घ्यावी. उंच डोंगरावर आणि वस्तीपासून फार दूरच्या जागी ही अट लागू नाही. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात रानात किंवा रानाजवळ उघड्यावर आग पेटवू नये. रानातली फळे, अळंबी, फुले खुडण्यास हरकत नाही.

भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाचे लक्ष नियमांपेक्षा शब्दांकडे आधी जाते. या कायद्यात हक्क कोणाला दिला आहे, हे सांगताना 'नागरिक' असा शब्द योजलेला नाही, 'करदाता' असाही नाही. योजलेल्या शब्दाचा अर्थ आहे 'कोणीही'. सात पिढ्या तेथे नांदलेला शेतकरी त्यात येतो, आणि काल विमानातून उतरलेला, तेथील भाषेतला एक शब्दही न येणारा मनुष्यही येतो. त्या तरुणाला झोप येत नव्हती, कारण 'कोणीही' या शब्दात आपण मोडतो, यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

हक्क की दान?

आता असा प्रश्न येतो की हा हक्क कशाच्या बळावर उभा आहे? जन्माच्या बळावर म्हणावे, तर नवख्याचा जन्म तेथला नाही. मोलाच्या बळावर म्हणावे, तर चालणाऱ्याकडून कोणी पैसे घेत नाही. आणि कर भरतो म्हणून म्हणावे, तर अजून एक पैसाही कर न भरलेल्या माणसालाही तो आहेच. गरजेच्या बळावर म्हणावे, तर डोंगरावर जाणारा बहुधा पोट भरलेला असतो. कोणतेही कारण पुरे पडत नाही. मग उरते ते एकच उत्तर, आणि पुष्कळ नवखे तेच मनाशी धरून बसतात: हे लोक भले आहेत, मोठ्या मनाचे आहेत, त्यांनी आपल्यावर उपकार केला.

हे उत्तर नम्र वाटते, परंतु मला ते अपुरे वाटते. उपकार करणारा तो केव्हाही मागे घेऊ शकतो. उपकारावर जगणाऱ्याला सदैव दात्याच्या मुद्रेकडे पाहत राहावे लागते. त्या तरुणाची झोप नेमकी यामुळेच उडाली होती.

येथे मोशेच्या नियमशास्त्रातील एक तरतूद आपल्या उपयोगी पडते. पीक कापताना शेताचे कोपरे कापू नयेत, गळालेली कणसे वेचू नयेत, द्राक्षमळ्यात पडलेली फळे गोळा करू नयेत. ती गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवावीत, अशी आज्ञा लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. मराठीत यासाठी 'सरवा' हा सुरेख शब्द आहे, आणि खेड्यात वाढलेल्या वाचकांना तो समजावून सांगावा लागणार नाही. या तरतुदीकडे नीट पाहा. मालकाने पीक घरी न्यावे आणि त्यातून मूठभर परक्याला द्यावे, असे येथे सांगितलेले नाही. तो भाग मालकाने कापायचाच नाही. म्हणजे तो कोपरा त्याने दान केलेला नसतो; जो त्याचा नव्हताच, तो त्याने घेतलेला नसतो एवढेच. सरवा वेचणारी स्त्री मालकाच्या दारात हात पसरून उभी राहत नाही. ती शेतात जाते, कंबर वाकवते आणि स्वतःच्या श्रमाने आपले पोट भरते. दान आणि हक्क यांच्यामधले अंतर एवढेच आहे, आणि माणसाच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने ते फार मोठे आहे.

मात्र कोपरा मालकाचा का नाही? याचे उत्तर त्याच पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. भूमी परमेश्वराची आहे आणि ती कसणारे स्वतःच त्याच्याजवळ परके व उपरी आहेत, असा त्या वचनाचा आशय आहे. येथे इब्री भाषेत 'गेर' आणि 'तोशाव' असे दोन शब्द जोडीने आले आहेत. हीच जोडी उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायातही आढळते. सारेचे दफन करण्यास अब्राहामाजवळ वीतभर जागा नव्हती आणि तो हेब्रोनच्या लोकांपुढे जमीन मागण्यास उभा राहिला. तेव्हा त्याने स्वतःचे वर्णन याच दोन शब्दांत केले. बेघर पूर्वजाने आपल्या दैन्यावस्थेत जे शब्द वापरले, तेच शब्द नियमशास्त्र पुढे जमीनदार झालेल्या त्याच्या वंशजांना लावते. सातबाऱ्यावर नाव चढले म्हणून उपरेपण संपत नाही, असा याचा अर्थ आहे.

'उपरी' या मराठी शब्दालाही एक इतिहास आहे, तो तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. मराठेशाहीतील गावगाड्यात जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग होते. ज्याचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असे, तो मिरासदार. जो बाहेरून येऊन खंडाने जमीन कसत असे आणि ज्याला असा हक्क नसे, तो उपरी. गावात मान मिरासदाराला, शब्द मिरासदाराचा. आपल्या पूर्वसूरींनी इब्री शब्दासाठी 'उपरी' हा शब्द स्वीकारला तेव्हा हा सगळा गावगाडा त्याच्याबरोबर शास्त्रात आला. परमेश्वरापुढे मिरासदार कोणीच नाही, सगळेच उपरी, ही गोष्ट मराठी वाचकाला त्या एका शब्दाने जितकी लागते, तितकी ती दुसऱ्या भाषेत लागत असेल असे मला वाटत नाही.

म्हणून त्या तरुणाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे होते: तुला तेथे झोपण्याचा हक्क आहे, आणि तो त्या देशाच्या लोकांनी आपल्या खिशातून काढून दिलेला नाही. भूमीवर शेवटचा शब्द मालकाचा नसतो, हे एक जुने सत्य आहे, आणि त्यांच्या कायद्याने ते आपल्या परीने मान्य केले आहे. त्यांचे आभार अवश्य मान. परंतु भिऊ नकोस.

हात आणि विळा

हक्क आहे म्हटल्यावर दुसरा धोका समोर येतो. भीती सुटलेला माणूस कित्येकदा मर्यादाही सोडतो.

नॉर्वेच्या उत्तर भागात दलदलीच्या रानात सोनेरी रंगाचे एक मौल्यवान फळ पिकते. त्याला तेथे 'मुल्ते' म्हणतात. तेथील मालकाला ही फळे तोडण्यास मनाई करता येते. परंतु वाटसरूने जागच्या जागी तोडून खाण्यास तो अडवू शकत नाही. हे वाचताच मला अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायाची अखेर आठवली. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात शिरल्यास पोटभर खावे, पण पात्रात भरून नेऊ नये; उभ्या पिकातली कणसे हाताने खुडावीत, पण विळा लावू नये, असा तेथे नियम आहे. शिष्यांनी शब्बाथ दिवशी कणसे मोडली, तेव्हा परूश्यांनी त्यांना दोष दिला. परंतु परक्याच्या शेतातले धान्य घेतले म्हणून चोरीचा आरोप त्यांनीही केला नाही. वाद दिवसाचा होता, कणसांचा नव्हता. तो हक्क इतका सर्वमान्य होता.

हात आणि विळा या दोन शब्दांत सगळी नीती आली आहे. हाताला आपोआप मर्यादा असते; माणसाची भूक भागली की तो थांबतो. विळा थांबत नाही, कारण तो भुकेसाठी चालत नाही, साठ्यासाठी चालतो. स्वीडन आणि फिनलंड या शेजारी देशांतही असाच सर्वांचा हक्क आहे. तेथे रानफळांचा व्यापार करणाऱ्यांनी या हक्काचा आधार घेतला, आणि गेल्या काही दशकांत दर उन्हाळ्यात थायलंडहून हजारो मजूर फळे तोडण्यासाठी नेले गेले. त्यांपैकी कित्येक जण कर्ज काढून गेले आणि दिवसभर राबून हाती फार थोडे घेऊन परतले. फिनलंडमधील न्यायालयांनी अशा व्यवहारात मानवी तस्करीचा गुन्हा सिद्ध झाल्याचे निकाल दिले आहेत. सर्वांसाठी मोकळ्या ठेवलेल्या रानात परक्या माणसालाच विळा बनवून वापरले गेले. हक्काचे शब्द जसेच्या तसे राहिले आणि त्यांचा प्राण गेला.

आणखी एक विळा आपल्या सर्वांच्या खिशात आहे. नॉर्वेत 'ट्रोल्टुंगा' नावाचा एक सुळका सरोवराच्या वर जिभेसारखा पुढे आलेला आहे. तेथे चालत जाऊन परत येण्यास १० ते १२ तास लागतात. २०१० साली वर्षाकाठी सुमारे ८०० माणसे तेथे जात. २०१६ साली ती संख्या सुमारे ८०,००० झाली. त्या कड्यावर उभ्या असलेल्या माणसांची छायाचित्रे जगभर फिरली आणि प्रत्येकाला तसेच आपले छायाचित्र हवेसे झाले. येथे कोणी कायदा मोडलेला नाही. प्रत्येकाने केवळ आपला हक्क बजावला. परंतु पायवाटेचा चिखल झाला, घाण साचली, सुटकापथकांना वारंवार धावावे लागले. काही ठिकाणी तंबूंवर स्थानिक बंदी घालावी लागली आहे. सरोवर पाहून तृप्त होणारा डोळा हातासारखा आहे; ते सरोवर साठवून इतरांना दाखवू पाहणारी हाव विळ्यासारखी आहे.

म्हणूनच नॉर्वेचा कायदा हक्क देताना त्याच दमात सांगतो की चालणाऱ्याने इतरांची कदर राखून व काळजीपूर्वक वागावे, आणि जागा सोडताना ती चांगल्या स्थितीत सोडावी. जो तसे वागणार नाही, त्याला निघून जाण्यास सांगण्याचा अधिकार मालकाला आहे. हे मालकाच्या बाजूनेही न्याय्य आहे. आपल्या रानातून अनोळखी माणसे चाललेली पाहून जो शेतकरी गप्प राहतो, त्याच्या सोसण्यालाही किंमत आहे, आणि हक्क बजावणाऱ्याने ती विसरू नये.

रिकामी दिसणारी भूमी

नवख्या माणसाला आणखी एक गोष्ट शिकावी लागते: जी भूमी रिकामी दिसते, ती रिकामी असेलच असे नाही.

नॉर्वेच्या उत्तरेकडील आणि मध्यभागातील माळांवर सामी लोक पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअरचे कळप चारीत आले आहेत. याच सामींच्या उत्तरेकडील बोलीत २०१९ साली संपूर्ण पवित्र शास्त्राचे नवे भाषांतर प्रसिद्ध झाले. ज्याला शहरातून आलेला मनुष्य निर्जन माळ समजतो, ते त्यांचे कुरण आहे. वसंत ऋतूत माद्या वितात, तेव्हा माणसांची वर्दळ किंवा मोकाट कुत्रा यांमुळे कळप बिथरतो आणि पाडसे आयांपासून तुटतात. १ एप्रिल ते २० ऑगस्ट या काळात कुत्रा बांधून ठेवावा असा जो तेथे नियम आहे, त्याच्यामागे हेही एक कारण आहे. आपल्याकडे धनगर मेंढ्या घेऊन घाटावरून कोकणात उतरतात आणि पिके निघालेल्या शेतांत मेंढ्या बसवतात. ते शेत जाणाऱ्या-येणाऱ्याला पडीक दिसते; धनगराला आणि शेतकऱ्याला ते तसे दिसत नाही. जागेचा उपयोग आपल्या नजरेस पडत नाही म्हणून ती जागा कोणाचीच नाही असे समजणे, हे मोठ्या अन्यायांचे मूळ ठरले आहे. साम्राज्ये याच समजुतीवर उभी राहिली, आणि तंबू घेऊन निघालेला भला माणूसही नकळत तीच समजूत बरोबर बाळगू शकतो.

डोंगरही माणसाला आपली जागा दाखवितो. १९६७ साली ईस्टरच्या सुटीत नॉर्वेच्या बर्फाळ डोंगरांत अनेक जण मृत्यू पावले, आणि त्यानंतर डोंगरात जाणाऱ्यांसाठी केलेले नऊ नियम घरोघरी पोहोचविण्यात आले. शाळेतल्या मुलांनाही ते येतात. त्यांतील एका नियमाचा आशय असा की वेळेवर मागे फिरावे, मागे फिरण्यात कमीपणा नाही. तेथे वाढलेल्या माणसाला हा नियम सोपा आहे. त्याने दहा वेळा मागे फिरले तरी त्याच्या आपलेपणाविषयी कोणी शंका घेत नाही. नवख्याचे तसे नसते. मी तुमच्याच तोडीचा आहे हे सिद्ध करण्याची त्याला घाई असते. पाय भिजले, दम लागला, धुके उतरले, तरी 'मला जमत नाही' हे चार लोकांत बोलणे त्याच्या जिवावर येते. आणि डोंगराला त्याच्या अडचणीशी कर्तव्य नसते. म्हणून परदेशी असलेल्या आपल्या मुलांना उबदार कपड्यांबरोबर हेही सांगा की मान मिळविण्यासाठी जीव धोक्यात घालू नये. जो आपली मर्यादा मोकळेपणाने सांगतो, त्याच्यावर सोबती अधिक भरवसा ठेवतात.

निर्भय करण्याचे कर्तव्य

आता ऋणाचा प्रश्न उरला. ज्या हक्काचे मोल कोणी मागत नाही, त्याचे ऋण कसे फेडावे?

नॉर्वेत पदभ्रमण करणाऱ्यांची एक संघटना १८६८ पासून आहे. देशभर तिच्या ५०० हून अधिक विश्रामकुटी आहेत. त्यांपैकी कित्येक कुटींत राखणदार नसतो, परंतु कोठीत शिधा भरलेला असतो. संघटनेच्या सभासदाने आपल्या किल्लीने दार उघडावे, हवे ते शिजवून खावे, किती घेतले ते स्वतः नोंदवावे आणि त्याचे पैसे स्वतः चुकते करावेत. निघताना केर काढावा, लाकडे फोडून ठेवावीत, म्हणजे पुढे येणाऱ्याला चूल पेटविता येईल. लाकडे फोडणाऱ्याला तो पुढचा माणूस कोण, हे कधीच कळत नाही. ज्याने त्याच्यासाठी लाकडे फोडून ठेवली होती, त्याचेही नाव त्याला ठाऊक नसते. या ऋणाची रीत अशी आहे. ज्याच्याकडून घेतले, त्याला परत करता येत नाही. मागून येणाऱ्याला देता येते.

आणि मागून येणारा नेहमी डोंगरावरच भेटेल असे नाही. येथे रूथच्या कथेकडे एकदा वळू या. ज्या अध्यायाच्या शेवटी शेजाऱ्याच्या मळ्यात पोटभर खाण्याची मुभा आहे, त्याच अध्यायाच्या आरंभी मवाबी माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, असे लिहिले आहे. रूथ मवाबी होती. सरवा वेचण्याचा परक्याचा हक्क तिला लागू होता आणि मवाबी म्हणून तिच्यावर शिक्काही होता. तिने हक्काचा उच्चार केला नाही. कापणी करणाऱ्यांच्या मुकादमाला तिने विनयाने विचारले आणि ती कामाला लागली. पुढे बवाज जे करतो, ते मला त्या कथेतील सर्वांत मोठे कृत्य वाटते. तो तिला नुसते 'वेच' म्हणत नाही. तिच्या अंगाला कोणी हात लावू नये, तिला कोणी लाजवू नये, धमकावू नये, अशी ताकीद तो आपल्या गड्यांना देतो. कायद्याने हक्क दिला होता, परंतु शेतातल्या गड्यांनी टोमणे मारले असते, तर त्या हक्काचा तिला काय उपयोग होता? परक्याला वाट मोकळी ठेवणे हे कायद्याचे काम झाले. त्याला निर्भय करणे हे शेजाऱ्याचे काम आहे, आणि ते कायद्याला करता येत नाही.

हे आपल्या देशात फार मोल देऊन शिकलेले सत्य आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले केले. तरीही ते पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २० मार्च १९२७ रोजी मिरवणुकीने जावे लागले, आणि त्यानंतर मारहाण सोसावी लागली. न्यायालयातला वाद १९३७ पर्यंत चालला. ठराव झाला होता. निर्भयता मिळाली नव्हती.

कोणी म्हणेल, नॉर्वेत माणसे थोडी आणि रान अफाट. आपल्या दाटीच्या देशात असा हक्क कसा परवडावा? आक्षेप रास्त आहे. तो कायदा उचलून येथे आणता येणार नाही, आणि तसे मी सुचवीतही नाही. परंतु सरव्याचा नियम ज्या लोकांना दिला गेला, त्यांचा देश लहान होता, पाऊस बेभरवशाचा होता आणि शेते तुटपुंजी होती. शेत मोठे असेल तरच कोपरा सोडावा, असे त्यात म्हटलेले नाही. प्रत्येक शेताला कोपरा असतो.

तुमच्याही शेताला तो आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली येथे राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती वाचकांना उपरेपण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. त्यांपैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा नोकरीपायी तेथे गेले आणि परक्या भाषेत उभे राहिले. आज तुमच्या उपासनामंदिरात मागच्या बाकावर येऊन बसणारे एक नवे कुटुंब असेल. तुमच्या इमारतीच्या बांधकामावर झारखंडहून वा ओडिशाहून आलेला मजूर असेल. भाड्याने खोली शोधणारा मणिपूरचा वा मिझोरामचा विद्यार्थी असेल, आणि त्याच्या तोंडावर दार लावणारा घरमालक कदाचित आपल्याच मंडळीतला असेल. या माणसांना येथे राहण्याचा हक्क आहे, हे आपल्यापैकी कोणी नाकारणार नाही. परंतु त्यांना कोणी लाजवू नये, दरडावू नये, म्हणून आपण आपल्या माणसांना कधी ताकीद दिली आहे काय?

परदेशी असलेल्या आपल्या मुलांना परक्या डोंगरावर निश्चिंत झोप लागावी, अशी आपण प्रार्थना करतो आणि ती योग्यच आहे. तीच प्रार्थना कोणा आईने दूरच्या खेड्यात आपल्या शहरात आलेल्या मुलासाठी केलेली असते. तिचे उत्तर पुष्कळदा आपल्या हाती सोपविलेले असते. येत्या रविवारी मागच्या बाकावरच्या त्या कुटुंबाजवळ जाऊन बसा. त्यांचे गाव विचारा, त्यांची भाषा विचारा आणि त्यांना घरी जेवायला बोलवा. आपणही येथे उपरीच आहोत. फरक एवढाच की आपण थोडे आधी आलो.